एकतिसावा सभासद

३ मार्च, रविवार

सचिव झाले. निवडून आले असं म्हणवत नाही — क्लायंटचा फोन आला म्हणून पाच मिनिटं जिन्यात गेले होते, परत आले तर टाळ्या चालू होत्या. मीही वाजवल्या. मग कळलं, माझ्यासाठीच आहेत.

खाजगी गुप्तहेरांच्या संघटनेत पाठ वळवली की असं होतं. म्हणून तर आमच्या खोलीत दाराकडे पाठ करून कुणी बसत नाही. एकतीस खुर्च्या, सगळ्या तीन भिंतींना टेकलेल्या. मधली फरशी मोकळी, जणू आता कुणी नाचून दाखवणार आहे. खाली चष्म्याचं दुकान. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, आम्ही डोळे तपासायला आलोय.

आधीचे सचिव सभासदत्व सोडून उद्या मुलीकडे परदेशी चाललेत. कपाटाची किल्ली हातात देऊन म्हणाले, "दार जरा वर उचलून ओढायचं." झाला चार्ज देऊन.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "अभिनंदन." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे रविवारचा स्वयंपाक पुन्हा माझ्या गळ्यात."

५ मार्च

दार वर उचलून ओढलं. वरच्या कप्प्यातली फाईल पायावर आली. अंगठा सुजलाय.

त्या फाईलच्या पोटात एक न फोडलेलं पाकीट. परवाना कार्यालयाचं, दोन महिन्यांपूर्वीचं! तीस मार्चला अधिकारी येणार, सभासदांची यादी तपासणार. प्रत्येकाचा अर्ज, परवान्याची प्रत, दोन फोटो. यादीत एकही बिनपरवाना माणूस निघाला तर संघटनेची नोंदणी रद्द.

नोंदणी गेली तर ओळखपत्रं गेली. ओळखपत्र नसेल तेव्हा काय होतं ते मी भोगलंय — पोलीस चौकीत आपल्याला आणि ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला एकाच बाकावर बसवतात. आणि तो आपल्यापेक्षा सभ्य दिसतो.

अध्यक्षांना फोन केला. निवृत्त पोलीस निरीक्षक. माणूस निवृत्त झालाय, आवाज अजून नोकरीत आहे. "घाबरू नका," म्हणाले, "आपली यादी आरशासारखी स्वच्छ आहे."

८ मार्च

फोटो मागवले होते. एकाने गॉगल घातलेला दिला. एकाने वीस वर्षांपूर्वीचा. फोटोवाल्याने — हा आमच्यातला, लग्नाच्या फोटोग्राफरचं सोंग घेऊन पाळत ठेवतो — चक्क पाठमोरा दिला. म्हणे, "चेहरा म्हणजे आपलं भांडवल, बाई." त्याला सांगितलं, भांडवल समोरून काढ, दोन प्रती.

९ मार्च

तीस फाइली पूर्ण. खुर्च्या एकतीस. पुन्हा मोजल्या. दोन्हीही.

१० मार्च, रविवार

एकतिसावे म्हणजे गप्पकाका.

कोपऱ्यातली, खिडकीजवळची खुर्ची त्यांची. पासष्ट-सहासष्ट वय, खिशाला दोन पेनं, चहात साखर नाही. सहा वर्षांत एक रविवार चुकला नाही. बोलतात फार कमी. पण एखाद्याची केस अडली की बशी खाली ठेवून दोन वाक्यं बोलतात, आणि गाठ सुटते. माझी पण सोडवली होती. दोन वर्षांपूर्वी एक सोळा वर्षांची पोरगी घरातून निघून गेली होती. मी सगळी स्टेशनं, वसतिगृहं पालथी घालून दमले होते. काका म्हणाले, "रागाने निघालेलं माणूस पहिल्या दिवशी शेवटपर्यंत जातं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेवर परत येतं, पण घरी यायला लाजतं. शेवटच्या स्टॉपच्या अलीकडचे तीन-चार स्टॉप बघा." चौथ्या स्टॉपवर सापडली. एका बेकरीबाहेर बसली होती.

अशा माणसाची फाईल नाही. अर्ज नाही, परवाना नाही. फक्त हजेरीपटावर दर रविवारी एक सही, जी औषधाच्या चिठ्ठीवर शोभली असती.

बैठकीआधी एकेकाला बाजूला घेतलं. फोटोवाला म्हणाला, "त्यांना अध्यक्षांनीच आणलं ना?" अध्यक्ष म्हणाले, "मी? मला वाटलं तुमच्या आधीच्या सचिवांचे कुणीतरी." आधीच्या सचिवांना परदेशी फोन लावला. झोपेतून उठून म्हणाले, "ते? ते पोलिसातले, अध्यक्षांचे जुने."

कुणीच आणलं नाही. ते आले.

१२ मार्च

विचारून टाकावं सरळ. पण तोंडावर विचारायचं धैर्य नाही. आपला धंदाच असा, सरळ विचारायची सवय राहत नाही.

१७ मार्च, रविवार

बैठक सुटल्यावर काकांच्या मागावर गेले. लिहायलाही लाज वाटते.

ते बसच्या पुढच्या दाराने चढले, मी मागच्या. डोक्यावर ओढणी, हातात वर्तमानपत्र, अगदी पुस्तकातल्यासारखं. सात स्टॉप झाले. उतरले, मीही उतरले. बस गेली. बघते तर काका तिथेच उभे, माझी वाट बघत.

"बाई, पेपर उलटा नव्हता, तेवढं बरं केलंत," म्हणाले. "पण चढल्यावर तुम्ही बसायला जागा नाही शोधलीत, माणूस शोधलात. चौतीस वर्षं बघतोय, जागा आधी न शोधणारा प्रवासी प्रवासी नसतो."

"चौतीस वर्षं कुठे बघताय?"

"बसमध्ये. कंडक्टर होतो मी."

समोरच्या टपरीवर बसलो. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सहा वर्षांपूर्वी ते आमच्या जिन्यावर आले ते क्लायंट म्हणून. एक माणूस शोधून हवा होता. पाटी वाचून वर आले, तर दारातच अध्यक्ष गरजले, "या, या! उशीर केलात. बसा." खुर्ची दिली, चहा आला. कुणीतरी आपल्या अडलेल्या केसबद्दल बोलत होतं, पैज लावल्यासारखं काकांकडे वळून म्हणालं, "तुम्हाला काय वाटतं?" काकांना वाटलं ते त्यांनी सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

"पुढच्या रविवारी खरं सांगायला आलो. तर कोपऱ्यात माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. मग जीभ रेटेना. बाई, जन्मभर विनातिकीट लोकांना उतरवलं, आणि सहा वर्षं स्वतः विनातिकीट बसलोय. घंटी तुम्हीच वाजवा. मी उतरतो."

"आणि तो माणूस? ज्याला शोधायला आलात?"

"ते राहू द्या," म्हणाले. चहाचा पेला रिकामा होता, तरी एक घोट घेतला.

१८ मार्च

घरी सगळं सांगितलं. नवरा हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. सासूबाई हसल्या नाहीत. "सहा वर्षं मांडीला मांडी लावून बसलेला माणूस कळला नाही," म्हणाल्या, "आणि लोकांच्या नवऱ्यांच्या मागे फिरता."

मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता: "घालवू नका हो त्याला. इतक्या वर्षांनी पुन्हा कुठे जाऊन बसायचं त्याने."

१९ मार्च

तातडीची बैठक. काकांना मुद्दाम बोलावलं नाही. मी उभी राहून सगळं सांगितलं.

 मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते भिंतीभिंतीने पसरत गेलं. अध्यक्ष मात्र लाल झाले. "ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या आपल्याकडे हरवलेलं मांजरसुद्धा कुणी शोधायला देणार नाही! आजच नाव कमी करा."

"कमी कुठून करणार? नाव यादीत नाहीच," मी म्हटलं. "फक्त खुर्चीत आहे."

"मग खुर्ची कमी करा."

 सगळे त्या कोपऱ्याकडे बघत होते. प्रत्येकाच्या डोक्यात आपापली एक केस असणार.

फोटोवाला म्हणाला, "परवानाच काढू की त्यांचा! परीक्षा येत्या मंगळवारी आहे. उद्यापर्यंत अर्ज घेतात. एका सभासदाची शिफारस लागते."

एकोणतीस हात वर झाले. अध्यक्षांचा तिसावा, सर्वांत शेवटी, आणि खांद्यापर्यंतच. मग ते म्हणाले, सभासदत्वाच्या अर्जावर सहा वर्षांपूर्वीची तारीख घाला, म्हणजे प्रश्नच मिटला. मी नाही म्हटलं. मागची तारीख घालणार नाही. अर्ज परवाना आल्यावर, त्या दिवशीच्या तारखेने, आणि हजेरीपटावर जे खरं आहे तेच — "आजवर पाहुणे म्हणून हजर." अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगणार.

"आणि नोंदणी गेली तर?"

"तर खरं बोलून गेली."

मोठ्या रुबाबात बोलले. घरी येताना हिशेब मांडत आले. तीस जणांची पोटं त्या ओळखपत्रावर आहेत, माझं धरून.

२० मार्च

काकांना सांगायला गेले. एका खोलीचं घर, खिडकीत एक कुंडी, भिंतीवर जुन्या बसमार्गांचा नकाशा. आधी ऐकेनातच. "या वयात परीक्षा? शेवटची दिली तेव्हा बोरू होते." मी म्हटलं, एकोणतीस हात वर होते, तिसावा खांद्यापर्यंत. त्यावर उठून कुंडीला पाणी घातलं. मग खिशातलं एक पेन काढून झाकण उघडलं. "कुठे करायची सही?"

२२ मार्च

शिकवणी जोरात. त्रास एकच — शिक्षक तीस.

एक जण म्हणतो, पाळतीवर असताना काळे कपडे. दुसरा म्हणतो, काळे कपडे घातलेला माणूस चोरच वाटतो. दोघं काकांसमोर भांडले. काका वहीत लिहीत होते: "कपडे — घालावेत."

२४ मार्च, रविवार

काकांना माणसं कळतात, कलमं कळत नाहीत. कोणत्या परिस्थितीत कुणाच्या घरात शिरता येत नाही, हे कलम क्रमांकासह पाठ पाहिजे, तर ते म्हणतात, "दार लोटलेलं असलं तरी हाक मारल्याशिवाय जाऊ नये, एवढं पुरे नाही का?"

दुपारी अध्यक्ष उठले. "बाजूला व्हा सगळे." काकांच्या समोर खुर्ची ओढून बसले — दाराकडे पाठ करून! आम्ही सगळे बघतच राहिलो. तीन तास कलमं घोटून घेतली. कलम अकरा म्हणजे अकरा नंबरची बस, ती दवाखान्यापाशी थांबते, म्हणून वैद्यकीय कागदपत्रं. कलम सोळा म्हणजे सोळा नंबरची, ती शाळेपाशी, म्हणून अज्ञान, म्हणजे अठराखालची, मुलं. ही युक्ती अध्यक्षांची. इतक्या वर्षांत एवढा खालचा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

२६ मार्च

परीक्षा. काका एक तास आधी बाहेर आले. 

"सगळं लिहिलं. एका प्रश्नावर जरा अडलो. पाठलाग करताना घ्यायची काळजी, दहा मुद्दे."

"काय लिहिलंत?"

"शक्यतो करू नये. शेजारी जाऊन बसावं. बाकी नऊ सुचेनात."

२७ मार्च

निकाल उद्या किंवा परवा. फोटोवाल्याने काकांचे दोन फोटो काढले. समोरून. छान आलेत. केस चापून बसवलेत.

२९ मार्च

पास! शंभरात एकाहत्तर. दुपारी परवाना हातात आला, संध्याकाळी अर्ज फायलीत. तारीख आजची.

गंमत पुढेच. अध्यक्षांनी तीच प्रश्नपत्रिका मागवून घरी हौसेने सोडवली होती. अठ्ठावन्न. स्वतःच सांगितलं, म्हणून त्यांचं कौतुक. "कुठे बोलू नका," म्हणाले, ते फक्त तीस जणांना.

३० मार्च

अधिकारी दहाला आले. किरकोळ अंगाचे, खूप शांत. फाईल उघडायची, फोटो बघायचा, माणूस बघायचा, फाईल मिटायची. पाठमोऱ्या फोटोची जुनी प्रत चुकून आतच राहिली होती. त्यांनी फोटोवाल्याला वळून उभं राहायला लावलं.

एकतिसाव्या फायलीवर थांबले. मग हजेरीपट मागितला. 

"हे काल सभासद झाले?"

"हो."

"आणि सहा वर्षं पाहुणे?"

"हो. आम्हाला ते सभासद वाटत होते. चूक आमची. तिथे लिहिलंय तसंच झालंय."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे एकतीस गुप्तहेरांच्या हे लक्षात आलं नाही?"

"तीस," अध्यक्ष म्हणाले. "एकतिसाव्याला माहीत होतं."

अधिकाऱ्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला. खोकला असावा असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. रुमाल खाली घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या नोकरीत पहिल्यांदाच हजेरीपटावर कुणी खरं लिहिलेलं पाहिलं," म्हणाले, आणि सही केली.

नोंदणी तीन वर्षांसाठी! काका टाळ्या वाजवत होते. त्यांना सांगावं लागलं, तुमच्यासाठीच आहेत.

३१ मार्च, रविवार

बैठकीनंतर सगळे गेले. काका मागे राहिले. म्हणाले, "बाई, आता मी उपरा नाही. तर ती केस देतो."

एका ड्रायव्हरला शोधायचंय. एकोणीस वर्षं दोघं एकाच बसवर. काका मागे, ड्रायव्हर पुढे. डबा एक, सुट्टी एक. नऊ वर्षांपूर्वी अपघात झाला. भाजीच्या गाडीला धडक, गाडीवाल्याचा पाय मोडला. ड्रायव्हरने जागेवरच सांगितलं, सिग्नल हिरवा होता. चौकशीत काकांना विचारलं. काकांनी लाल पाहिला होता. लाल म्हणून सांगितलं.

"खोटं बोललो असतो तर त्या गाडीवाल्याचं तोंड कसं बघितलं असतं? पण मित्राची नोकरी गेली. त्या दिवसापासून त्याने माझ्याकडे बघितलं नाही. घर सोडलं, गाव सोडलं. निवृत्त झालो, आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या जिन्यावर आलो."

"मग सहा वर्षं विचारलं का नाहीत? इथे तीस जण बसलेले."

"विचारलं असतं तर सापडला असता ना," म्हणाले. "आणि सापडला असता तर काय म्हणाला असता?"

खरंय. मीच केस घेतली. आमच्या नियमाप्रमाणे सापडलेल्या माणसाला आधी विचारायचं. तो हो म्हणाला तरच पत्ता द्यायचा. काका म्हणाले, "माहीत आहे. कलम सात. सात नंबरची बस, टपालखान्यापाशी थांबते."

३ एप्रिल

तीन दिवससुद्धा लागले नाहीत. ड्रायव्हर बहिणीकडे राहतो, रेल्वेने चार तास. रोपांच्या वाटिकेत काम करतो. तीस जणांनी फोन वाटून घेतले, सव्विसाव्या फोनला सापडला. सहा वर्षं हातभर अंतरावर होता म्हणायचा.

काकांना एवढंच सांगितलं की ठीक आहे, जिवंत आहे, उद्या भेटायला जातेय. "रागावला तर रागावू द्या," म्हणाले. "तुम्ही मधे बोलू नका."

सासूबाईंनी डबा बांधून दिलाय. दोन माणसांचा. "तोही जेवेल," म्हणाल्या.

४ एप्रिल

ड्रायव्हर रागावलेला नाही. कधीच नव्हता. चौकशीच्या आदल्या दिवशीच त्याने स्वतः लिहून दिलं होतं — सिग्नल दिसलाच नाही, दोन वर्षं नजर जात चाललीय, कुणाला सांगितलं नाही, मला गाडीवरून उतरवा. तो कागद त्याने ट्रंकेतून काढून माझ्या हातात दिला. वर तारीख, शिक्का. काकांची साक्ष कुणी विचारातही घेतली नव्हती.

"एकोणीस वर्षं तो माझ्या भरवशावर मागे उभा राहिला, आणि मी दोन वर्षं त्याच्यापासून डोळे लपवले," म्हणाला. "कुठल्या तोंडाने त्याच्याकडे बघणार होतो?"

तो हो म्हणाल्यावर तिथूनच काकांना फोन लावला. कागद वाचून दाखवला, तारखेसकट. पलीकडे पेनाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. 

मग म्हणाले, "तिकडे यायची गाडी किती वाजताची आहे?"